दुखणे कोणत्या भाषेत सांगावे?

दुखण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. गळू ठुसठुसते, दाढ ठणकते, पाठीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत जळजळते, मान आखडते, उन्हातून आल्यावर डोके उठते आणि ताप भरण्याआधी अंगात कणकण येते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. 'कळ येते' म्हणणारा माणूस दुखणे थांबून थांबून येते हे न विचारताच सांगून टाकतो. आतड्यात किंवा मूत्रवाहिनीत अडथळा आला की तिथले स्नायू ठरावीक अंतराने आवळतात आणि दुखणे लाटेसारखे येते. जळजळ वेगळी. ती बहुधा जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर आल्याची खूण असते. पू साचलेल्या जागी नाडीच्या ठोक्याबरोबर दाब कमीजास्त होतो, म्हणून गळू ठुसठुसते. एका शब्दात निदानाचा बराच रस्ता कापला जातो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्याची प्रश्नावली तयार केली, तिच्यात दुखण्याचे वर्णन करणारे ७८ शब्द आहेत. ते अर्थात इंग्रजीतले. मराठीतले शब्द असे मोजायला बसलो तर यादी फार मागे पडणार नाही.

पण हे शब्द ऐकणाऱ्यालाही यायला हवेत. नांदेड-लातूर भागात रुग्ण 'पोट दुखत आहे' असे म्हणत नाही, 'पोट दुखू लालंय' म्हणतो. पुण्याहून आलेला डॉक्टरसुद्धा पहिल्या दिवशी क्षणभर अडखळतो, मग राजस्थानातून किंवा केरळातून आलेल्या नव्या डॉक्टरचे काय होत असेल? डॉक्टरांना रुग्णाची भाषा आणि चालीरीती शिकवाव्यात हा विचार अलीकडे वैद्यकीय शिक्षणात बराच बोलला जातो. पाश्चात्त्य देशांत त्याला १९८० नंतर जोर आला. मराठवाड्यात मात्र हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे, आणि त्याचा इतिहास पुष्कळसा विसरला गेला आहे.

या भागाचा नकाशा आधी पाहू. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे एक चतुर्थांश मराठी, त्याखेरीज कानडी. उर्दू मातृभाषा असणारे दहा-बारा टक्के. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. उलट मुधोळ-भैंसा हा नांदेडचा भाग १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला. त्यामुळे देगलूर-बिलोलीच्या बाजारात आजही मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते, उदगीर-निलंग्याकडे कानडी येते, तांड्यांवर गोरबोली चालते, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, आणि शहरांत सर्वत्र दखनी. नांदेडला सचखंड गुरुद्वारामुळे पंजाबीही आहे. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ही सगळी माणसे एकामागे एक उभी राहतात.

हैदराबादला आधुनिक वैद्यकाची शाळा १८४६ मध्ये निघाली. चौथा निजाम नासिर-उद-दौला याच्या काळात रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांनी ती सुरू केली. तेथील सुरुवातीच्या पिढ्या पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकल्या. शिकून बाहेर पडणाऱ्याला 'हकीम' अशी पदवी मिळे, हे मोठे मौजेचे आहे: विद्या लंडन-एडिंबरोची आणि नाव युनानी परंपरेतले. पारशी समाजातील डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांनीही १८८९ मध्ये ही 'हकीम' पदवी मिळवली. क्लोरोफॉर्म देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याच्या कामात त्यांनी पुढे नाव कमावले, आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

मोठा प्रयोग याच्यानंतर झाला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९१७ मध्ये फर्मान काढले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञान, कायदा, अभियांत्रिकी, वैद्यक हे सगळे विषय उर्दूतून शिकवायचे असे ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी हे समीकरण पक्के होते, त्यामुळे हे धाडसच होते. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर संस्था उभारली गेली. तिचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक यांचा मराठवाड्याशी जवळचा संबंध होता. ते औरंगाबादेत शाळा तपासनीस होते, आणि अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ही संस्था त्यांनी तिथूनच अनेक वर्षे चालवली. दारुल तर्जुमाने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. पारिभाषिक शब्द अरबी-फारसीतून घडवावेत की इंग्रजी शब्द तसेच ठेवावेत यावर कडाक्याचे वाद झाले. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये परिभाषा कशी घडवावी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्याकडे परिभाषा समित्यांत पुढे जे वाद झाले ते बहुतेक सगळे हैदराबादेत आधी होऊन गेले होते!

भारतीय भाषेतून आधुनिक वैद्यक शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना उस्मानिया हे सरळ उत्तर आहे. उर्दूतून शिकलेले डॉक्टर शस्त्रक्रिया करत होते, सूक्ष्मदर्शक वापरत होते आणि दवाखाने चालवत होते. हे श्रेय त्या विद्यापीठाला मोकळेपणाने द्यायला हवे. मराठवाड्यात निजामी राजवटीच्या कडवट आठवणींमुळे ते सहसा दिले जात नाही.

तरीही यातून नांदेडच्या रुग्णाचे किती भागले, हा वेगळा प्रश्न आहे. डॉक्टर 'देशी' भाषेतून शिकला होता, पण ती देशी भाषा दरबाराची होती. पुस्तकातली उर्दू अरबी धातूंवर उभी असल्यामुळे ती दखनी बोलणाऱ्या रुग्णालाही कळण्यासारखी नव्हती. बाजारहाट करणाऱ्या, कोर्टकचेरीला जाणाऱ्या मराठी किंवा तेलुगू पुरुषाला कामापुरती दखनी येत असे. गाव न सोडलेल्या बाईला ती कुठून येणार? तिचे दुखणे नवरा, दीर किंवा दवाखान्यातला कंपाउंडर सांगणार, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल परक्या भाषेत बोलणे होणार. माध्यमाची भाषा आणि रुग्णाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली सोडवली म्हणून दुसरी सुटत नाही. मला या इतिहासातला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र उर्दूच्या बाजूने सांगायला हवी. आपल्या बोलीतले आजारपणाचे कितीतरी शब्द याच वाटेने आले आहेत. दवाखाना, इलाज, जखम, मलम, हकीम हे सगळे फारसी-अरबी शब्द आहेत. जुलाब तर मुळात गुलाबपाणी. फारसी 'गुलाब' अरबीत 'जुल्लाब' झाला, गोड पेयाला आणि मग औषधी काढ्याला ते नाव पडले, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा अर्थ पोट साफ करणे व पुढे पोट बिघडणे असा झाला. इतके अंतर दुसऱ्या कोणत्या शब्दाने कापले असेल असे वाटत नाही!

ब्रिटिश मुंबईची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे १८२६ मध्येच डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषेतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली होती. त्यांनी मराठीत पुस्तकेही करवून घेतली, पण १८३२ मध्ये शाळा बंद पडली. १८४५ चे ग्रँट मेडिकल कॉलेज इंग्रजी. त्यात १८६१ पासून मराठी आणि गुजराती वर्ग जोडले गेले आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठी पाठ्यपुस्तके लिहिली. १८७८ मध्ये पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल निघाले, त्याचे १९४६ मध्ये कॉलेज झाले, आणि तोवर इंग्रजीची सत्ता पूर्ण झाली होती. या मराठी पुस्तकांतही पारिभाषिक मराठी संस्कृताकडे झुकलेली होती. 'यकृत' हा शब्द देगलूरच्या शेतकऱ्याला 'जिगर'पेक्षा जवळचा होता असे कोण म्हणेल?

यकृताचा विषय निघालाच आहे तर 'काळीज' पाहू. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. पण 'काळजात धडधडतं' म्हणणारा रुग्ण हृदयाबद्दल बोलत असतो, आणि 'काळजाला घोर लागला' म्हणणारी आई मनाबद्दल. उर्दूतल्या 'जिगर'चेही असेच आहे. मूळ भाषेतून शिकलेल्या डॉक्टरला हे बिनकष्टाने कळते, बाहेरून आलेल्याला कोणी तरी सांगावे लागते. हिंदी जाणणाऱ्याची फसगत तर जास्तच होते, कारण शब्द ओळखीचे वाटतात. 'चमक' म्हणजे त्याच्या लेखी प्रकाश. म्हातारा माणूस खालच्या आवाजात 'गरमी झाली होती' म्हणतो तेव्हा तो हवेबद्दल बोलत नसतो, जुन्या मराठीत गरमी म्हणजे उपदंश. 'दिवस गेले' याचा अर्थ काळ लोटला असा घेतला, तर गर्भार बाईला क्ष-किरण तपासणीच्या खोलीत पाठवण्यापर्यंत मजल जाऊ शकते. 'अंगावरून जातं' या दोन शब्दांच्या बोलण्यात रक्तस्राव, पांढरा स्राव, लाज आणि दहा वर्षांची दुर्लक्षित दुखणी सामावलेली असतात. 'देवी' हा शब्द रोगाचा, देवतेचा आणि लसीचाही. लस टोचण्याला लोक 'देवी काढणे' म्हणत. १९७५ मध्ये भारतातून हा रोग गेला, पण दंडावरचे व्रण दाखवून 'देवी काढल्यात' म्हणणारी पिढी अजून आहे.

जिथे लोकांचा शब्द आणि डॉक्टरांचा शब्द एकच असतो तिथे काम किती सोपे होते हे नारूने दाखवले. पायविहिरीच्या पाण्यातून होणारा, पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येणारा हा रोग महाराष्ट्रासह सात राज्यांत होता. चित्र दाखवून 'गावात कोणाला नारू आहे का?' एवढेच विचारले की उत्तर मिळे. कोणत्याही तपासणीची गरज नव्हती. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी, गाळण्याचे फडके आणि विहिरींची दुरुस्ती यांचा वाटा मोठाच, पण प्रश्न विचारणाऱ्याला योग्य शब्द ठाऊक होता हेही विसरू नये.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९७४ मध्ये अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, त्याला पुढे स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. मातृभाषेतील शाळांसाठी निजामाशी झगडलेल्या पिढीचे ते नेते. नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे खाजगी महाविद्यालय १९९० चे आणि तिथले शासकीय २००२ चे. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. म्हणजे दरवर्षी काही विद्यार्थी असे येतात की ज्यांनी मराठी कधी ऐकलेलीही नसते, आणि काही वर्षांतच वॉर्डात रुग्णाच्या खाटेशी पहिले तेच उभे असतात. शिक्षण इंग्रजीतून, आपसात हिंदी, आणि रुग्णाशी बोलायला मावशी किंवा सिस्टर. कंपाउंडरची जुनी जागा आता त्यांनी घेतली आहे. या दुभाष्यांना कोणी कधी प्रशिक्षण दिले नाही. त्या आपल्या समजुतीने भाषांतर करतात, लांबलेली हकिगत एका वाक्यात आवरतात, लाजिरवाणा भाग गाळतात. दोष त्यांचा नाही, हे काम कामच म्हणून कुणी मोजलेले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे कोसळून लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दूरदूरहून वैद्यकीय पथके आली. तुटलेले हाड कोणत्याही भाषेत तुटलेलेच असते, त्यामुळे पहिले काही दिवस भाषेवाचून फारसे अडले नाही. अडले ते नंतर. घरातली सगळी माणसे गेलेली बाई डॉक्टरसमोर बसून 'हातपाय गळाले', 'छातीत धडधडतं', 'डोकं जड झालंय' एवढेच सांगते. दुःख शरीराच्या भाषेत सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती न जाणणारा डॉक्टर शक्तीच्या गोळ्या देऊन पुढच्या रुग्णाकडे वळतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या भूकंपानंतरच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे त्याचे प्रमुख संशोधक होते. नाटक-सिनेमामुळे ते वाचकांना ठाऊक आहेतच. अशा संशोधनात प्रश्नावली भाषांतरित करताना एक पद्धत वापरतात: इंग्रजी प्रश्नाचे मराठी करायचे, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करवून घ्यायचे, आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायचे. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना यात प्रयोगातील पडताळा दिसेल. तरी एक अडचण उरतेच. 'तुम्हाला उदास वाटते का?' हे मराठी निर्दोष आहे, पण खेड्यातली बाई 'करमत नाही' म्हणते, 'जीव लागत नाही' म्हणते. 'करमत नाही' याचे इंग्रजी करून पाहा म्हणजे अडचण कळेल.

स्त्रियांच्या आजारांबाबत ऐकण्याचे मोल काय असते, हे डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांत दाखवले. गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. स्त्रिया गप्प होत्या म्हणून रोग नव्हता असे नव्हे. मराठवाड्याच्या सीमेवरच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून वेगळा मार्ग काढला. गावातलीच बाई, पुष्कळदा निरक्षर, तिला आरोग्याचे शिक्षण द्यायचे. डॉक्टरला बोली शिकवण्याऐवजी बोली जाणणारीला वैद्यक शिकवण्याचा हा मार्ग होता. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्तीच्या मागे अशाच प्रयोगांचा अनुभव आहे.

जगात या विषयाला शास्त्रीय रूप देणाऱ्यांत आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ महत्त्वाचे. १९७८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असे सुचवले की डॉक्टरने रुग्णालाच विचारावे: हे कशामुळे झाले असे त्याला वाटते, याच वेळी का झाले असावे, आणि या दुखण्यात त्याला सर्वांत भीती कशाची आहे. फेफऱ्याच्या मुलाला घेऊन आलेल्या बापाला हे विचारले तर बाहेरची बाधा, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, देवऋषी हे सगळे बाहेर येईल. त्याच्यावर हसायचे नसते. गोळी रोज आणि काही वर्षे घ्यायची आहे हे त्याला पटवायचे, तर त्याच्या मनातल्या कारणाशी बोलणे भाग असते. पुढे काही अभ्यासकांनी इशाराही दिला, आणि तो मला रास्त वाटतो, की 'अमुक समाजाचे लोक असे असतात' अशी टिपणे पाठ करून संस्कृती येत नाही. तांड्यावरच्या दोन बायांचे एकमत असेलच असे नाही.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला वेळ दिला आहे, आणि वृत्ती, नीती व संवाद यांचे पाठ पुढील वर्षांतही आहेत. त्यानंतर विद्यार्थ्यांनी खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे वरचेवर जावे अशीही योजना आली. वर्गातल्या थोड्या तासांत भाषा येत नाही हे उघड आहे. कुटुंबाच्या ओसरीवर बसून ती येऊ शकते, जर जाणे खरोखर झाले तर. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने हिंदीतून एमबीबीएसची पुस्तके काढली, तेव्हा उस्मानियाचा उल्लेख फारसा कोणी केला नाही.

या प्रश्नाचा एक धागा मात्र शाळेत अडकला आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे या दोन जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने मुले वैद्यकीय प्रवेश मिळवतात. त्यांना रुग्णाची बोली आईच्या दुधातून मिळालेली असते. पण आठवीपासून आपण त्यांचे 'दुखू लालंय' तांबड्या शाईने खोडतो, पुढे शिकवणी वर्गात जीवशास्त्र इंग्रजीत येते, आणि महाविद्यालयात गेल्यावर आपली बोली कोणाला ऐकू जाऊ नये असे त्या मुलाला वाटू लागते. बाहेरून आलेल्याला जे शिकावे लागते ते याने पैसे भरून विसरलेले असते. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, पण तिच्यासाठी दुसरी पुसण्याची गरज नाही.

आठवी-नववीच्या वर्गात एक सोपा उपक्रम करता येईल. प्रत्येक मुलाने घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून आजारपणाचे दहा शब्द लिहून आणायचे, जसे बोलले तसे, शुद्ध न करता. वहीत चार रकाने आखा: शब्द, सांगणाऱ्याने दिलेला अर्थ, गावाचे किंवा तांड्याचे नाव, आणि शरीरात नेमके कुठे. शेवटच्या रकान्यासाठी बोलणाऱ्याला हात ठेवून दाखवायला सांगावे. सांगणाऱ्याचे नाव लिहू नये, आणि ज्या शब्दाची बायकांना लाज वाटते तो मुलींनी बाईंकडे वेगळ्या कागदावर द्यावा. तेलुगू, कानडी, गोरबोली, दखनी जे येईल ते देवनागरीत लिहून घ्यावे. मग 'वात' या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या जागा दाखवल्या गेल्या ते फळ्यावर मांडून पाहावे, आणि यादीची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टरांकडे पोचती करावी.